कुठं चावतं, खरं सांग

सकाळी बुटाचं माप द्यायला येईल तो मूर्ख आणि घेईल तो चोर, असं तोंतोंचं ठाम मत होतं. सकाळचा पाय नुकता झोपेतून उठलेला असतो, आपण केवढे आहोत हे त्यालाच ठाऊक नसतं. दिवसभर धन्याला उचलून फिरला की संध्याकाळी तो खरा पसरतो, असं ते सांगायचे. त्यामुळे सांत्र द फ्लाकच्या बाजारामागचं त्यांचं दुकान सकाळी उघडं असूनही बंद असायचं. दार सताड उघडं, तोंतों आत टाचा ठोकत बसलेले, आणि गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की मान वर न करता म्हणायचे, "चार वाजता ये. आत्ता तुझा पाय खोटं बोलेल."

एकदा एक सरकारी साहेब मोटारीतून आले. वेळ नाही, आत्ताच माप घ्या, म्हणाले. तोंतोंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं (तोंडाकडे ते कुणाच्याच पाहत नसत) आणि म्हणाले, "तुमचे पाय मोटारीत बसून आलेत. बसच्या अड्ड्यापर्यंत तीन फेऱ्या मारून या, मग बघू." साहेब तणतणत निघून गेले. चार वाजता परत आले, आणि चालत आले. तोंतोंनी त्यांना पाटावर बसवलं तेव्हा जरासुद्धा हसले नाहीत. मी मात्र कोपऱ्यात बसून ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता.

तोंतों म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रिओल बोलीत काका. त्यांना नाव होतं, पण फ्लाकपासून बों अक्योयपर्यंत कुणालाही विचारलं असतंत तरी ते आठवलं नसतं. माझी आई तेवढी भावोजी म्हणायची, आणि तेही पदर सावरून. आई उसात मजुरीला जायची. बाबा मी लहान असतानाच गेले. बों अक्योयमधलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं एक लिचीचं झाड, बाकी चहूकडे ऊस.

याच माणसानं मला चाकांच्या बुटांवरची हॉकी शिकवली. आता बूट शिवणाऱ्याचा आणि हॉकीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. तोंतों तरुणपणी लढाईत मिसरला गेले होते. इथून पुष्कळ गेले होते तेव्हा. त्यांना बंदूक कमी आणि पहारा जास्त मिळाला. छावणीत इटलीचे कैदी होते, आणि त्या कैद्यांनी सिमेंटच्या अंगणात पायांना चाकं लावून, वाकड्या काठ्यांनी हॉकी मांडली होती. "मी पहारेकरी, पण कैदी मीच होतो," तोंतों म्हणायचे. "ड्यूटी संपली तरी हलायचो नाही." त्या कैद्यांत एक बूट शिवणारा होता. त्याच्याकडून तोंतों बूट शिकले, चाकं शिकले आणि खेळही शिकले. परत येताना मिसरहून दुसऱ्यांनी गालिचे आणले, ह्यांनी आणली लोखंडी चाकांची एक जोडी आणि डोक्यात एक खूळ.

ते खूळ तीस वर्षं तसंच बसून राहिलं, कारण खेळायला गुळगुळीत जमीन कुठून आणणार? मग सत्तरच्या दशकात एक मोठा सिक्लोन आला. त्यानं आमचं न्हाणीघर नेलं, शेजाऱ्यांच्या कोंबड्या नेल्या, आणि गावाबाहेर एका व्यापाऱ्याचं गोदाम होतं त्याचं छप्पर नेलं. भिंतीही अर्ध्या पडल्या. राहिली ती सिमेंटची फरशी, लांबरुंद आणि तुळतुळीत. सगळं गाव पत्रे गोळा करत होतं आणि तोंतों त्या फरशीवर अनवाणी चालत होते, तळव्यानं चाचपत. माणूस खुळावला, असं आई म्हणाली. तिचं काही चुकलं नव्हतं.

मुलगे फुटबॉलला गेलेले होते. तोंतोंना फुटबॉलचा भयंकर राग. "एका चेंडूमागं बावीस बैल, आणि बुटात पाय आहे की भोपळा याची एकालाही फिकीर नाही!" म्हणून त्यांनी आम्हा मुलींना धरलं. आम्ही सहा जणी होतो, खेळायला पाच आणि एक राखीव. त्यांत माझी मैत्रीण शांती, अंगानं भरलेली, ती गोलात. आमच्या आयांनी आधी नाकं मुरडली. पोरीच्या जातीनं पायांना चाकं लावून फिरायचं म्हणजे काय! तोंतों घरोघर गेले. आमच्याकडे आले तेव्हा ओट्यावर बसून चहा प्याले आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोरीचे पाय चांगले आहेत. उसात घालवायचे असतील तर तसं सांगा." आईनं कपबशी विसळून पालथी घातली. मग म्हणाली, "अंगभर पायजमा घालून खेळंल." झालं!

सामान सगळं घरचं. पोर लुईच्या दुकानातून पत्र्याचे स्केट आणायचे, खिळखिळे करून त्यांची चाकं काढायची आणि स्वतः शिवलेल्या चामडी बुटांच्या तळाला स्क्रूनं बसवायची. काठ्या गोयाव्हिएच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या रानपेरूच्या. त्या वाफेवर वाकवून दोरीनं बांधून आठवडाभर टांगून ठेवायच्या. नडगीला वाक्वाच्या पातींची विणलेली ढाल. बाजाराच्या पिशव्या विणतात ना, त्याच पाती, फक्त दुहेरी. बुटाच्या आत साखर कारखान्यातल्या गाळणीच्या जाड कापडाचं अस्तर. शांतीच्या छातीला काथ्या भरलेलं गोणपाट आणि डोक्याला मोबिलेटवाल्याचं, म्हणजे छोट्या फटफटीवाल्याचं, कडक टोपडं. पहिल्यांदा ती असा साज चढवून उभी राहिली तेव्हा तिच्या आईनं तिला ओळखलं नाही आणि गल्लीतला कुत्रा दोन दिवस तिच्यावर भुंकत होता.

पण खरा सोहळा असायचा तो बूट घालण्याचा. आधी घमेल्यात पाय धुवायचे. पुसायचे. दहा मिनिटं गप्प बसायचं, "पायाला विसावू दे." मग खाकी कागदावर दोन्ही पाय ठेवून उभं राहायचं, भार सारखा. तोंतों गुडघ्यावर बसून पेन्सिलीनं पायाभोवती रेघ काढायचे. पेन्सिल अगदी उभी. "आत कलली तर पाय चोरला, बाहेर कलली तर पाय फुगवला." दोन पाय कुणाचेच सारखे नसतात, हे मला तिथंच कळलं. माझा डावा थोरला निघाला. बूट थोरल्या पायाच्या मापानं करायचा आणि धाकट्याला अस्तर घालून समजवायचं, हा त्यांचा नियम.

बूट तयार झाला की टाच मागं आपटून घालायचा, पुढं नाही. उभं राहिलं की बोटं पुढच्या चामड्याला नुसती शिवली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती मागं आली पाहिजेत. टाच मात्र उचलता कामा नये. नाडी बोटांशी सैल, घोट्याशी घट्ट, वरती एक बोट जाईल एवढी. आणि मग ते तीनदा विचारायचे. बसल्यावर एकदा, उभं राहिल्यावर एकदा, गुडघे वाकवल्यावर एकदा.

"कुठं चावतं? खरं सांग."

कुठंच नाही, असं पहिल्या फटक्यात म्हटलं तर चिडायचे. "नवा बूट आणि चावत नाही? मग तो बूट नाही गो, पिशवी आहे!" जिथं चावतं तिथं आपण बोट लावून दाखवायचं. ते खाकी कागदावरच्या पावलात नेमक्या त्या जागी पेन्सिलीनं फुली मारायचे, आणि बूट साच्यावर चढवून तेवढीच जागा आतून ठोकून सैल करायचे. प्रत्येकीचा कागद वेगळा. भिंतीला खिळा होता, त्याला सगळे कागद लटकलेले. शांतीच्या कागदावर नऊ फुल्या होत्या. ती कुरकुऱ्या स्वभावाची, पण तोंतोंची सगळ्यांत लाडकी. "ही पोरगी खरं बोलते," म्हणायचे.

मी नव्हते खरं बोलत. तेच तर सांगायचंय.

दुसऱ्या वर्षी क्युरपीपच्या मुलींशी सामना ठरला. वरच्या गावातल्या मुली, त्यांच्याकडे परदेशी स्केट, गणवेश, आणि शिट्टी वाजवायला खरा पंच. माझ्यासाठी जगात दुसरं काही उरलं नाही. मला तिथं खेळायचं होतं. उसातल्या बाईची पोर त्या पोरींच्या मधून चेंडू काढून नेते, हे मला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांना दाखवायचं होतं. मी पोळ्या लाटताना लाटण्यानं गोल मारत असे. आई कपाळाला हात लावायची.

आणि नेमका त्याच थंडीत (आमच्या बेटावर ती जून ते सप्टेंबर असते) माझा पाय वाढला. मार्चमध्ये केलेले बूट ऑगस्टमध्ये आखूड झाले. डाव्या अंगठ्याचं नख आधी लाल झालं, मग काळं. सांगितलं असतं तर तोंतोंनी नवे बूट केले असते, पण त्यांच्या हातून एक जोडी व्हायला महिना लागायचा, आणि सामना तीन आठवड्यांवर होता. त्यांनी विचारलं, "कुठं चावतं?" मी म्हटलं, "नाही हो, बरोबर आहेत." बसून म्हटलं, उभं राहून म्हटलं, गुडघे वाकवून म्हटलं. ओठ दाताखाली धरून म्हटलं. तोंतोंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या पायांकडे, आणि पेन्सिल कानावर खोचली.

मला पकडलं ते गणपतीत. आमच्याकडे गणपतीत झाकरी असते. ढोलकी, झांजा, आणि रिंगण करून पाय आपटत नाच. मी त्यात पटाईत. त्या वर्षीही नाचले, आणि अनवाणीच, त्यामुळे बुटांचं काही दिसणार नाही असं वाटलं होतं. तोंतों ढोलकीवाल्याशेजारी उभे होते. सगळे गणपतीकडे आणि आमच्या लुगड्यांकडे बघत होते, आणि हा माणूस रिंगणातल्या पायांकडे. माझा उजवा पाय सपाट पडत होता आणि डावा नुसत्या टाचेवर. तेवढं त्यांना पुरलं.

दुसऱ्या दिवशी खाकी कागद घेऊन ते थेट घरी आले. संध्याकाळचे चार वाजले होते, अर्थात. "पाय पुढं कर." मी पाय मागं घेतला. आईनं माझा घोटा धरला आणि पुढं ओढला. नख पाहून ती म्हणाली, "आयो!"

"रविवारी ही खेळणार नाही," तोंतों म्हणाले.

मी रडले, पाया पडले, मग तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. पण एक वाक्य लिहिते. मी ओरडले, "बूट तुमचे असतील, पाय माझे आहेत! तुमचं काय जातंय?" आईनं मला थोबाडीत मारली. तोंतोंनी कागद घडी करून खिशात घातला आणि आईला म्हणाले, "मारू नका वहिनी. आत्ता पहिल्यांदाच ती खरं बोलली."

रविवारी सहाव्या मुलीला माझ्या जागी घातलं. आम्ही सात-एक हरलो. शांतीनं बारा-तेरा चेंडू अडवले असतील, ती बाहेर आली ते गोणपाटात तोंड खुपसून रडतच. मी बाकावर चपला घालून बसले होते. क्युरपीपच्या त्या पांढऱ्या मोज्यांच्या पोरी हसत होत्या आणि मला तोंतोंचा इतका राग आला होता की हा म्हातारा परतीच्या वाटेवर बसमधून पडावा, असं वाटत होतं.

बसमध्ये ते मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले. मी खिडकीकडे तोंड केलं. बरीच वाट गेल्यावर ते बोलायला लागले. माझ्याशी नाही, पुढच्या सीटच्या पाठीशी बोलावं तसं.

लढाईवर गेले तेव्हा त्यांचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. बायकोनं उभ्या जन्मात बूट घातला नव्हता. मिसरला तो बूट शिवणारा इटलीवाला म्हणाला, तुझ्या बायकोच्या पायाचं माप मागव, असे बूट करून देतो की राणी दिसेल. तोंतोंनी दुसऱ्याकडून पत्र लिहून घेतलं, तुझ्या पायाचं माप कागदावर घेऊन पाठव. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पत्र कुणीतरी वाचून दाखवलं. आता आपल्या घरातल्या बाईला पाऊल उमटव म्हटलं तर ती काय करेल? लग्न होऊन घरात आली तेव्हा जे केलं तेच. तिनं ताटात कुंकवाचं पाणी केलं, त्यात पाय बुडवला आणि कागदावर ठेवला. दोन लाल पावलं समुद्र ओलांडून मिसरला गेली.

"मी तो कागद छातीशी धरून नाचलो," तोंतों म्हणाले. "इटलीवाला म्हणाला, केवढे नाजूक पाय! आणि त्या मापानं बूट केले. त्यालाही कळलं नाही, मलाही नाही. अगं पोरी, जेवढा पाय जमिनीला टेकतो, तेवढाच कागदावर उमटतो. पण बुटात अख्खा पाय जातो."

बूट अरुंद झाले होते आणि आखूडही. घरी आल्यावर त्यांनी ते तिच्या पायांत घातले, विचारलं, कसे आहेत? ती म्हणाली, बरोबर आहेत. ती बाजारात ते घालून गेली, लग्नांना गेली, देवळाच्या पायरीपर्यंत गेली. फाटले की तोंतों तेच माप धरून नवे करायचे, कारण माप तर बरोबर होतं. अकरा वर्षं. मग तिला ताप आला आणि ती गेली. पायांना शेवटचं कुंकू लावायला ते वाकले तेव्हा त्यांनी तिचे पाय पहिल्यांदा नीट पाहिले. बोटं एकमेकांवर चढलेली होती, आणि घट्ट्यांनी अंगठे वाकडे झालेले.

"बूट शिवणाऱ्याची बायको," ते म्हणाले. "एकदा तरी बोलायचं. एकदा. मला काय राग आला असता का?"

मी खिडकीतून तोंड वळवलं. त्यांचा हात गुडघ्यावर होता, चामड्याच्या रंगानं काळा झालेला. तो धरावा असं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी एवढंच म्हटलं, "डाव्या अंगठ्याला चावत होतं, तोंतों. आणि करंगळीलाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस ते बरं झालं."

पुढच्या वर्षी नव्या बुटांवर आम्ही क्युरपीपला तीन-दोन हरवलं. दोन गोल माझे. गंमत म्हणजे ते गोल मला धड आठवत नाहीत, बस आठवते.

मग मी नर्सिंगला लंडनला गेले. त्या काळात इथल्या पुष्कळ मुली गेल्या. आई बाजारात भाजी घेताना भाजीवालीला, तिनं विचारलं नसतानाही, सांगायची, "माझी पोर लंडनला सिस्टर हाय." तिकडची थंडी, ते भाड्याचं खोलीवजा खोपटं, वॉर्डातल्या म्हाताऱ्या ज्या माझा हात लागला की अंग चोरायच्या, आठ-आठ दिवस एक मराठी शब्द तोंडातून निघायचा नाही, यातलं मी काही लिहिलं नाही. मी ठीक आहे, सगळं बरोबर आहे, असं लिहायचे. मीसुद्धा कुंकवाचं पाऊलच पाठवत होते, जेवढं टेकलं तेवढं. मनातून सारं कळत होतं, लिहिताना हात धजायचा नाही. आईच्या त्या भाजीवालीचं काय करायचं?

नऊ वर्षांनी सुट्टीवर आले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तिकडे दुकानात मी एक नवलाई पाहिली होती, हॉकीचेच बूट, पण खाली चार चाकं एकामागोमाग एका रांगेत. स्वतःसाठी कोट घेतला नाही आणि ते घेतले, तोंतोंना दाखवायला. दुपारी बाराला दुकानात पोचले. तोंतों वाळून गेले होते, डोळ्यांना जाड चष्मा. शांती आता त्यांच्याकडेच शिलाईला होती, दोन पोरांची आई. तिनं मला मिठी मारली. तोंतोंनी माझ्या पायांकडे पाहून मला ओळखलं आणि म्हणाले, "चार वाजता ये."

"अहो, नऊ वर्षांनी आलेय!"

"म्हणून काय तुझा पाय दुपारी खरं बोलायला लागला?"

मी बसच्या अड्ड्यावर जाऊन आले, बाजारात हिंडले, पेलाभर आलूदा, म्हणजे आमच्याकडचा फालुदा, प्याले आणि चारला परत आले. तोंतोंनी ते बूट उलटे करून मांडीवर घेतले. "आयो! चाकांना बसच्या रांगेत उभं केलंय!" एकेक चाक बोटानं फिरवून कानाशी धरून ऐकलं. आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला, लहान मुलासारखा. मग प्लास्टिकच्या कवचावर टिचकी मारून नाक मुरडलं. "हा बूट पायाकडून काही शिकायचा नाही. पायालाच शिकवेल."

तरी घमेलं आलं. पाय धुतले. दहा मिनिटं बसले. खाकी कागदावर त्यांनी रेघ काढली. हात कापत होता, पण पेन्सिल उभीच होती. बूट चढवले, नाडी बांधली. बसल्यावर विचारलं, उभी राहिल्यावर विचारलं, गुडघे वाकवल्यावर विचारलं. मी तिन्ही वेळा म्हटलं, कुठंच नाही. आणि ते खरं होतं, बूट अगदी चपखल होते. तोंतों खालीच बसून राहिले. चौथ्यांदा त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"मग चावतं कुठं?"

मी हसले. "काय हे तोंतों! कुठंच नाही. सगळं बरोबर आहे."

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटतं ते काही म्हणणार होते. पण शांतीचा धाकटा रडत आला, ती उठली, बोलणं राहिलं. मी बूट त्यांच्याकडेच ठेवले, म्हटलं, खोलून बघा चाकं. चार दिवसांनी विमानात बसले. पुढच्या खेपेला निवांत बसू, असं मनात म्हटलं. माणूस किती सहज म्हणतो.

पाच महिन्यांनी शांतीचं पत्र आलं. तोंतों गेले, मंगळवारी, जरासुद्धा त्रास न होता. भिंतीवरचे कागद काढताना तुझा सापडला, तो पाठवते, असं तिनं लिहिलं होतं. आठ घड्या घातलेला तो खाकी कागद मी वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर उभी राहून उघडला. माझी दोन पावलं, डावं थोरलं, कापऱ्या रेघेनं काढलेली. आत कुठंही फुली नव्हती. फुली होती ती पावलांच्या बाहेर, लांब, कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यात. पेन्सिल इतकी दाबून मारली होती की तिथं कागद फाटला होता. शांतीनं खाली लिहिलं होतं, "मी म्हटलं तोंतों, चष्मा पुसा, फुली पायाच्या बाहेर गेलीय. तर म्हणाले, बरोबर गेलीय. तिला कळेल."

मी तिथंच पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. वॉर्डातली एक म्हातारी बाहेर आली, त्यांतलीच, माझा हात लागला की आकसणारी, आणि तिनं मला रुमाल दिला.

त्याच दुपारच्या सुट्टीत आईला लिहिलं. आई, बूट बरोबर आहेत, पण मला इथं चावतं, फार चावतं, मला घरी यायचंय. आईचं उत्तर शांतीच्या अक्षरात आलं, दोन ओळींचं. "मग ये की गो. नऊ वर्सं काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीवतीस?" भाजीवालीचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

आले. इथल्याच इस्पितळात नोकरी केली, निवृत्त झाले. पट्टी बांधली की मी प्रत्येकाला तीनदा विचारायचे, बसल्यावर, उभं राहिल्यावर, चालल्यावर. नर्सपोरी मागून नकला करायच्या, करोत बापड्या. ती गोदामाची फरशी अजून आहे, भेगाभेगांतून गवत आलंय. कधी चार वाजता तिकडे जाते, अनवाणी उभी राहते आणि तोंतोंना सांगते की ती फुली मारलीत ना, ती जागा आता चावत नाही. मग उत्तराची वाट बघत उगीच थांबते. आता एकच जागा चावते, आणि तिथं फुली मारणारा माणूस मी चार दिवसांच्या घाईत, हसून, सगळं बरोबर आहे असं सांगून घालवला.